जोखाईची आंबील आणि सरकारी वाडगा

विषय : हिरडेवाडीच्या जोखाईच्या जत्रेत, देवीला नैवेद्य दाखवण्याआधी आंबिलीचा वाडगा एका लहान मुलाने व त्यामागून सरकारी नोकराने पिण्याची प्रथा.

येथील गुरव याचे कारण पाहुण्यांना सांगतात. पाहुण्यांत कोणी नोकरदार आहे का, याचा अंदाज घेत.

इंग्रजी अमलात, म्हणे, तानूबाईचा एकुलता मुलगा तापाने फणफणला. तिने नवस बोलला, ‘पोर उठलं तर जत्रेला मडकंभर आंबील, दिवस मावळायच्या आत.’ पोर उठले. तिने नाचणीचे पीठ ताकात आंबवले, शिजवले आणि मडके घेऊन कडक उपासाने देवळाशी आली.

दारात अबकारीचे इन्स्पेक्टर खासनीस उभे होते, काखेत इंग्रजी कोश. परवान्यावाचून ‘फर्मेंटेशन’ला बंदी होती. कोशात अर्थ निघाला, आंबणे. जत्रेसाठी ‘फेस्टिव्हल’ पाहिला, तर मेजवानी आणि मौज. आंबलेले आणि मौज एकाच देवळात! मडके जप्त झाले.

“रावसाहेब, ह्यात नशा न्हाई. पिऊन बघा.”

“म्हणजे मला काहीबाही पाजशील! आधी तू पी.”

ती प्यायली तर उपास मोडणार आणि नैवेद्य उष्टा होणार. न प्यावी तर गुन्हा. ऊन कलत चालले होते. गावाचा संशय निराळाच. पाटील कुजबुजले, “तानूवैनी, ह्यो मडकं रिकामं करणार बघ.”

तानूबाईने वाडगा भरला आणि मुलाला पुढे ओढले. “ह्ये पोर देवीनंच दिलंय. ह्याचं उष्टं तिला चालतंय. पी रं.”

पोर प्यायले. खासनिसांनी त्याचे डोळे, जीभ, चाल तपासली आणि मग उरलेला वाडगा तोंडाला लावला. साहेब डुलतो का, म्हणून सारी जत्रा त्यांच्या पायांकडे टक लावून बसली. साहेब डुलले नाहीत. त्यांनी मिशा पुसून कांदा मागितला.

मडके सुटले. सूर्य टेकता टेकता नैवेद्य पोचला, असे सांगतात. मात्र लेखी परवानगी द्यायला खासनीस तयार होईनात. आंबील हे फर्मेंटेशन की जेवण, याचा खुलासा मागणारा अर्ज त्यांनी वर धाडला, आणि उत्तर येईपर्यंत दर जत्रेला अशीच तपासणी व्हावी, असे फर्मावून ते गेले.

आजही ती होते. यंदा तलाठी प्यायले. ते नीट चालतात, याची गावाने देवळापासून एसटी थांब्यापर्यंत मागे जाऊन खात्री करून घेतली.

खुलाशाचा अर्ज प्रलंबित आहे.