गाडीवान आणि सुताराचा ठोकळा

डोंगरउतारावर वसलेल्या एका गावात एक गाडीवान राहत असे. त्याच्या घोडागाडीच्या चाकापाशी एक लाकडी ठोकळा बसवलेला होता. दोरी ओढली की ठोकळा चाकाला घासायचा आणि गाडी थांबायची. उतारावरच्या चिंचेपाशी तो दोरी ओढी आणि गाडी नदीच्या अलीकडे, पारापाशी उभी राही.

पुढे त्याने तरणाबांड घोडा घेतला. गाडी भरधाव सोडायचा त्याला नाद लागला. एक दिवस गाडी पार ओलांडून थेट चिखलात गेली.

ठोकळा सुताराने केलेला. गाडीवानाच्या मनात पाल चुकचुकली.

"त्याने हलकं लाकूड घातलंय," तो बायकोला म्हणाला. "परवा मला बघून हसत होता."

"तो सगळ्यांनाच बघून हसतो," बायको म्हणाली.

गाडीवानाला ते पटलं नाही. त्याने कोयत्याने ठोकळा खरवडून पाहिला. कुणी तेल लावलंय का म्हणून चाकाचा वास घेतला. सुताराने रामराम घातला तरी तो तोंड फिरवू लागला. घोडा मात्र तसाच उधळत राहिला.

एके सकाळी एक कुंभारीण गाढवं घेऊन रस्ता ओलांडत होती. गाडीवानाने चिंचेपाशी दोरी ओढली. ठोकळ्यातून धूर निघाला, पण गाडी थांबेना. त्याने घोडा बांधावर घातला. कुंभारीण वाचली. गाडी उलटली, गाडीवानाचा हात मोडला.

"सुताराने घात केला," तो कण्हत म्हणाला.

सुताराच्या कानावर ते गेलं. त्याने गाडी नीट केली, गाडीवानाला शेजारी बसवलं आणि लगाम स्वतः धरला. घोडा दुडक्या चालीने निघाला. चिंचेपाशी दोरी ओढली, गाडी पारापाशी थांबली.

"तू ठोकळा बदललास," गाडीवान म्हणाला. उतरून बघतो तर तोच जळका ठोकळा, त्यावर त्याच्याच कोयत्याचे ओरखडे.

"आता दुप्पट वेगाने येऊ," सुतार म्हणाला. गाडी पुन्हा वर नेऊन या खेपेला त्याने दोरी चिंचेच्या खूप आधी, वरच्या वळणावरच ओढली. तरी गाडी थांबली ती पारापाशीच.

गाडीवानाने मागे वळून पाहिलं. वेग दुप्पट झाला होता, पण थांबायला चिंचेपासूनच्या अंतराच्या चौपट जागा लागली होती.

"मी तुझ्यावर उगाच आळ घेतला," तो मान खाली घालून म्हणाला.

"असू दे," म्हणून सुतार घरी गेला. पण पूर्वीसारखा गप्पांना यायला त्याला फार दिवस लागले.

तात्पर्य असे की, वेग वाढवणाऱ्याने थांबायला पुरेशी जागा आधी राखावी, आणि दुसऱ्यावर संशय घेण्याआधी लगाम कुणाच्या हातात होता ते पाहावे.