कोरी चिठ्ठी

तुम्हाला कोणी विचारलं, की वाचनालयातलं कुठलं पुस्तक मेलेलं आहे हे कसं ओळखायचं, तर तुम्ही काय सांगाल?

मुजावर सरांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा हेमलता चौगुलेला विचार करावा लागला नाही.

"पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी असते, सर. कोणी पुस्तक घरी नेलं की तिच्यावर शिक्का पडतो. दहा वर्षांत एकही शिक्का नसेल, तर पुस्तक बाद करायचं."

"कोणी सांगितलं?"

"वर्गात शिकवलंय."

"बरं..." सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

हेमलता खेड्यातल्या एका लहान वाचनालयात अकरा वर्षं काम करत होती. दार उघडायचं, झाडायचं, वर्तमानपत्रं मांडायची, संध्याकाळी दार लावायचं. कधी कधी अख्ख्या दिवसात एक माणूस यायचा, तोही पावसाला आडोसा म्हणून. मग एक दिवस कार्यवाहांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, आता शिकलेला ग्रंथपाल लागतो. या वर्षात प्रमाणपत्र आणा. नाहीतर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल."

म्हणून ती चाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसली. जिल्ह्याच्या ठिकाणी दर शनिवार-रविवार वर्ग असायचा. सहा महिने तिने एकही दिवस चुकवला नाही आणि लेखी परीक्षेत ती पहिली आली. हे सांगायला घरी कोणी नव्हतं. आई गेल्याला वर्ष झालं होतं. निकालाचा कागद तिने चार वेळा वाचला आणि पिशवीत ठेवून दिला.

आता फक्त पंधरा दिवसांचं प्रात्यक्षिक उरलं होतं. ते या तालुक्याच्या वाचनालयात, मुजावर सरांच्या हाताखाली. सर तीस वर्षं इथे ग्रंथपाल होते. आता निवृत्त झाले होते, तरी शिकणारी माणसं त्यांच्याकडेच पाठवत. प्रात्यक्षिकाच्या वहीवर त्यांची सही झाली की प्रमाणपत्र. सही नाही, तर काही नाही.

आज शेवटचा दिवस होता. सरांनी तिला सात नंबरचं कपाट दिलं होतं. त्यातली बाद करायची पुस्तकं काढा, एवढंच सांगितलं होतं.

हेमलताने बारापर्यंत कपाट उपसलं. एक्केचाळीस पुस्तकं निघाली. तिने ती दाराजवळच्या टेबलावर रचली, यादी केली आणि वही सरांपुढे ठेवली.

सरांनी यादी वाचली. मग उठून टेबलाशी गेले. ढिगातलं एक जाडजूड पुस्तक काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. कोणा एका बाईने जहाजाने केलेल्या प्रवासाची हकिगत होती.

"हे?"

हेमलताने मागचं पान उघडून दाखवलं. चिठ्ठी पार कोरी होती.

"कोणी नेलं नाही, सर. एकदाही नाही."

"नेलं नाही... हे खरं."

सरांनी पुस्तक तिच्याकडून घेऊन परत ढिगावर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, दोनच्या आत ही सगळी जागेवर लावून ठेवा."

"बाद केलेली पुस्तकं परत लावायची?"

"आजच्यापुरती."

"पण का, सर?"

"दोन वाजतात म्हणून."

हेमलताला हसू आलं. तिने ते दाबलं. म्हाताऱ्या माणसांचा जुन्या पुस्तकांत जीव अडकतो, हे तिला माहीत होतं. तिच्या वाचनालयाचे अध्यक्षही फाटकं पंचांग टाकू देत नसत.

"अभ्यासक्रमात असं कुठे सांगितलेलं नाही, सर," ती अदबीनेच म्हणाली.

"नाही," सर म्हणाले. "तिथे नाही."

"मग यादीची स्वच्छ प्रत करते आधी. नंतर लावते."

"तुमची मर्जी."

ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. तिने कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि सुवाच्य अक्षरात लिहायला बसली. एकेक दाखल क्रमांक तिने दोनदा पडताळून पाहिला. तेविसाव्या पुस्तकाशी आली, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोनचे ठोके पडले.

एक बाई आत आल्या. एरवी या वेळेला हेमलता आतल्या खोलीत डबा खात असायची, म्हणून तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पन्नाशीच्या असतील. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम, कोपरापर्यंत पीठ वाळलेलं. कोणाकडे न बघता त्या कपाटांच्या रांगेत शिरल्या. दाराजवळच्या ढिगाकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

सात नंबरच्या कपाटाशी त्या थांबल्या. खालून दुसऱ्या फळीकडे, न बघताच, हात गेला. घरातला माणूस अंधारात बटणाकडे हात नेतो तसा.

हात रिकाम्या जागेत गेला.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग शेजारचं पुस्तक थोडं सरकवून मागे पाहिलं. वरच्या फळीवर पाहिलं. पुन्हा त्या रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिल्या...

हेमलता पेन खाली ठेवून उठली. वाचकाला अडचण आली तर आपण होऊन चौकशी करावी, हेही वर्गात शिकवलं होतं.

"मावशी, काय पाहिजे? कुठलं पुस्तक?"

बाई दचकल्या. हात पदराला पुसले.

"न्हाई... काय न्हाई."

"सांगा की. मी काढून देते. सभासद आहात का? नाव काय तुमचं?"

"मी उगंच आल्ते," त्या म्हणाल्या. "चुकून."

आणि भराभर चालत निघून गेल्या.

हेमलताने सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडे बघत नव्हते. ते टेबलावरच्या ढिगाकडे बघत होते.

तिने जाऊन ते जाडजूड पुस्तक उचललं. या खेपेला मागून उघडलं नाही, पुढून उघडलं.

प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग होता. हळदीच्या अंगठ्याचा. पहिल्या पानांवर पुसट, पुढे गडद. पान दहा, पान चाळीस, पान नव्वद... कोपरे मऊ पडले होते, जुन्या साडीसारखे. एकशे बाराव्या पानावर शेवटचा अंगठा होता. त्याच्यापुढे पानं स्वच्छ, कडक. जहाज तेव्हा कुठल्याच बंदराला लागलेलं नव्हतं. नुसता समुद्र होता.

हेमलता पुस्तक घेऊन धावत बाहेर गेली. रस्ता दुपारचा रिकामा होता. एका पत्र्याखाली कुत्रं झोपलं होतं. ती कोपऱ्यापर्यंत गेली, दोन्हीकडे पाहिलं आणि परत आली.

"सर, कोण त्या?"

"खानावळीत असते."

"कुठल्या?"

"माहीत नाही."

"नाव?"

"कधी विचारलं नाही." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "विचारलं असतं, तर ती कधीचीच गेली असती. रोज दोनला येते. दोन पानं उभ्यानं वाचते आणि जाते. बस म्हटलं तरी बसत नाही."

हेमलताने पुस्तक मिटलं.

"तुम्ही मला स्पष्ट सांगायचं होतं, सर."

"सांगितलं की. दोनच्या आत लावा म्हणून."

आपल्या वाचनालयात पावसाला आडोसा म्हणून येणारी माणसं तिला आठवली. ती येऊन नेमकी कुठे उभी राहायची, हे आठवेना. अकरा वर्षांत तिने ते पाहिलंच नव्हतं.

सरांनी तिची प्रात्यक्षिकाची वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. खाली तारीख घातली.

"सर, नको... मी चुकले."

"यादी बरोबर आहे, बाई. नियमाला धरून आहे. मी सही यादीवर करतो."

"आणि बाकीचं?"

सरांनी वही मिटून तिच्याकडे सरकवली.

"बाकीच्यावर सही करायला मी कोण?"

वही तिच्या हातात आली. सहा महिने हिचीच वाट पाहिली होती. तिला ती उघडूनही बघावीशी वाटली नाही.

"उद्या येतील का हो त्या?" तिने विचारलं.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"एकदा असाच एक वाचक निघून गेला, तेव्हा मीही असंच विचारलं होतं," ते म्हणाले.

"कोणाला?"

"विचारायला कोणी नव्हतं, बाई. मी इथेच बसून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलता ते पुस्तक पिशवीत घालून गावातल्या खानावळींच्या मागच्या दारांनी फिरली. तिसऱ्या दारात त्या बाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचे हात पिठात होते, म्हणून हेमलता उंबऱ्यावर बसली आणि जिथे पिवळे डाग संपले होते तिथून पुढे वाचू लागली.