न वाकणारे भाले

फार जुनी गोष्ट. रोमच्या राज्यातल्या एका डोंगराळ नगरात एक लोहार राहायचा. सैन्यासाठी फेकायचे भाले घडवणं हे त्याचं काम. बायको कधीच देवाघरी गेली होती. एकुलत्या एका लेकीचं लग्न त्याने नगरातल्याच एका सैनिकाशी लावून दिलं होतं. जावई इतका मायेचा, की सवड मिळाली की भट्टीवर येऊन भाता ओढत गप्पा मारायचा. आपल्याला मुलगा नाही हे लोहार विसरूनच गेला होता.

ह्या भाल्याची एक गंमत होती. टोक कडक, पण टोकामागची लांब दांडी मुद्दाम मऊ लोखंडाची. शत्रूच्या ढालीत भाला घुसला की दांडी वाकायची. मग तो उपटून उलट फेकता येत नसे, आणि त्या लोंबत्या भाल्यासकट शत्रूला ढालही टाकून द्यावी लागे. लढाई संपली की वाकडे भाले गाडीत भरून लोहाराकडे सरळ करायला यायचे. लेक लहान असताना ऐरणीपाशी बसून विचारायची, "बाबा, हा वाकतो का?"

तो सांगायचा, "आपला भाला आपल्याच माणसावर परत येऊ नये म्हणून."

एका वर्षी विजयाची मिरवणूक इतक्या घाईत निघाली, की भाले सरळ करायला वेळच मिळाला नाही. सैनिक वाकडे भाले खांद्यावर टाकूनच चालले. शेजारच्या नगरातून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, की ही मंडळी लढून आलीत की काकड्या विकायला निघालीत? लोक पोट धरधरून हसले. नगरप्रमुखांना ते फार झोंबलं आणि त्यांनी चौकात सभा बोलावली.

पांढरे झगे सावरत मोठमोठी मंडळी जमली. पहिला दिवस कुणी कुठे बसायचं ह्यातच गेला. दुसऱ्या दिवशी सरळपणाचा अभ्यास करायला समिती नेमली. तिसऱ्या दिवशी समितीने सांगितलं, की भाला सरळ असावा. ह्यावर बराच वेळ टाळ्या वाजल्या. तेवढ्यात एक म्हातारा, लंगडा सैनिक उठला. भाला वाकतो ते बरंच आहे, एवढंच तो म्हणाला असेल-नसेल, तोच मागून कुणीतरी विचारलं, की आजोबांची कंबर वाकली म्हणून भाल्यांनीही वाकायचं का? सगळा चौक हसला. म्हातारा खाली बसला.

मग नगरप्रमुख लोहाराकडे वळले. "लोहारदादा, न वाकणारा भाला तुम्हाला घडवता येईल का?"

लोहाराला सगळं ठाऊक होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तो हशा अजून कानात घुमत होता, आणि चारचौघांत आपली टर उडालेली त्याला सोसली नसती. विचारलंय तेवढंच सांगावं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

"येईल," तो म्हणाला.

ठराव मान्य असणाऱ्यांनी कारंज्याच्या उजवीकडे जायचं, अशी तिथली रीत होती. सगळे उजवीकडे गेले. लोहारही गेला. डावीकडे तो म्हातारा तेवढा उरला.

लोहाराने नवे भाले जीव ओतून घडवले आणि प्रत्येकावर आपल्या हातोडीची खूण उमटवली. जावई आपले दोन भाले घ्यायला आला. दांडी दाबून बघत त्याने विचारलं, "मामा, हे वाकत नाहीत का हो?"

"सभेने ठरवलंय," लोहार भट्टीकडे बघत म्हणाला.

"तुम्ही केलेत म्हणजे चांगलेच असणार," जावई हसला आणि भाले घेऊन गेला.

लढाईत ते भाले झकास उडाले, ढालींत खोल रुतले, आणि शत्रूने उपटून तितक्याच झकास परत फेकले. महिन्याभराने गाड्या आल्या. त्यातले भाले सगळे सरळ होते. माणसं मात्र निम्मीच परतली होती. जावयाच्या सोबत्यांनी एक भाला आणून ऐरणीवर ठेवला आणि माना खाली घातल्या. त्याच्या छातीतून काढलेला तो भाला होता.

लेक आली. तिने हातोडीच्या खुणेवरून बोट फिरवलं.

"बाबा, हा वाकला का नाही?"

 लोहार ऐरणीला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः होऊन चौकात भरलेल्या सभेत गेला. भाला कारंज्यापाशी ठेवून म्हणाला, "भाला वाकतो तो आपली माणसं वाचवायला. मला हे त्या दिवशीही ठाऊक होतं."

कुणीही हसलं नाही. एकेक जण उठून डावीकडे गेला. नगरप्रमुखही गेले. म्हाताऱ्या सैनिकाने सरकून त्यांना जागा करून दिली. लोहार तिथेच उभा राहिला. एवढं सांगायला त्याला एकच श्वास पुरला होता.

पुढे मऊ दांडीचे भाले पुन्हा घडू लागले आणि वाकून परत येऊ लागले. लेक बापाला दोन्ही वेळा जेवायला वाढायची. पण ऐरणीपाशी ती पुन्हा कधी येऊन बसली नाही.

तात्पर्य एवढंच: लोक हसतील म्हणून माणूस ठाऊक असलेलं खरं गिळून बसतो, पण ते गिळलेलं खरं एक दिवस त्याच्याच दारात परत येतं.