तीनशे घरं आणि एक सूत

फार पूर्वी, म्हणजे रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती तेव्हा, एक राज्य होतं. कोणतं, ते विचारू नका. नाव सांगितलं तर तिथली माणसं अजूनही माझ्याशी भांडायला येतील.

त्या राज्यात घर बांधायची एक रीत होती. गवंडी आधी पांढरं सूत घेऊन यायचा. घरात राहणाऱ्या माणसाला उभं करायचा, बसवायचा, निजवायचा. हात वर कर, वाक, मांडी घाल. प्रत्येक मापाला सुतात एक गाठ. हात जिथे पोचेल तिथे कोनाडा, पाय सहज पडेल तेवढी पायरी, मान न वाकवता आत येता येईल एवढं दार. त्या सुताला अंगसूत म्हणत.

आणि शेवटी गवंडी एक प्रश्न विचारायचा. "तुमच्या ओट्यावर किती माणसं बसतील?" जितकी माणसं, तितक्या गाठी. इथे मात्र खरी गंमत यायची. नवरा म्हणे चार, बायको म्हणे माझ्या माहेरचीच नऊ. कधीकधी ही शेवटची गाठ बांधायला दिवस मावळायचा.

माणूस मेला की त्याचं अंगसूत त्याच्याबरोबर जाळायचे. सूत मागे राहिलं तर माणूस घराची वाट बघत राहतो, असं म्हणत. लहानपणी मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. आता हसत नाही.

एका वर्षी नदीने आपली वाट बदलली आणि काठची गावं धुऊन नेली. कुंभार आले, विणकर आले, रंगारी आले. सगळे राजधानीबाहेर ताडपत्रांच्या पालांत राहू लागले. राजा मनाने चांगला होता, पण उतावळा. त्याने राज्यातल्या थोरल्या गवंड्याला बोलावलं आणि म्हणाला, "पाडव्याच्या आत मला तीनशे घरं हवीत."

गवंडी मान डोलावून बाहेर आला आणि त्याला घाम फुटला. तीनशे घरांची सुतं घ्यायची तर मापं घेण्यातच वर्ष जाईल. त्यात ती शेवटची गाठ. म्हणून एखादं तयार माप शोधायला तो सूतघरात गेला. तिथे एक म्हातारी सगळ्यांची सुतं सांभाळत असे.

खुंट्यांवर शेकडो सुतं लोंबत होती, गाठींनी भरलेली, गुंतलेली. एकच सूत सुटसुटीत होतं. गाठी मोजक्या, सरळ.

"हे कोणाचं, मावशी?"

"टेकडीवरच्या त्या एकट्या माणसाचं. घर बांधायच्या आतच गेला बिचारा. जवळ कोणी नव्हतं, म्हणून सूत न्यायलाही कोणी आलं नाही. तूच घेतलं होतंस ते. नवा होतास तेव्हा."

गवंड्याला आठवेना. त्याने सूत बोटांवरून फिरवलं. "ओट्याची गाठ एकही नाही."

"नाही खरी."

"मग 'कोणी नको' असं म्हणाला असेल. बरंच झालं, जागा वाचेल."

"अरे, ते मेलेल्या माणसाचं आहे!" म्हातारी म्हणाली.

"माप ते माप, मावशी," गवंडी म्हणाला आणि सूत खांद्यावर टाकून निघून गेला.

पाडव्याला तीनशे घरं उभी राहिली. पांढरीशुभ्र, एकासारखं एक. अरुंद दार, पाठच्या भिंतीत उंचावर एक खिडकी, कोपऱ्यात एका माणसापुरता दगडी कट्टा. ओटा नाही. राजाने गवंड्याला मानाचं पागोटं दिलं. डोक्यावर छप्पर आल्याचा लोकांनाही आनंद झाला आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. दिव्याच्या कोनाड्याला कोणाचाच हात नीट पोचेना. तिसऱ्या पायरीवर सगळेच अडखळत. कुंभाराला चाक मांडायला जागा नव्हती, त्याने चाक बाहेर ठेवलं आणि मग एक दिवस ते फिरवायचंच सोडून दिलं. विणकराचा माग दारातून आत गेला नाही. रंगाऱ्यांची बायकामाणसं पूर्वी लुगडी वाळत घालताना ओरडून गप्पा मारायची, ती आता गप्प वाळत घालायची.

भर दुपारी तर वेगळंच व्हायचं. सगळी माणसं कोपऱ्यातल्या कट्ट्यावर जाऊन बसत. पाठ भिंतीला, डावा गुडघा वर, हात त्यावर. म्हातारी, तरणी, पोरं, सगळी एकाच बैठकीत. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. भिंतींमुळे ती एकमेकांना दिसतही नव्हती.

आणि ते खाकरणं. कोणी दारात आलं की आतून घसा खाकरल्याचा आवाज यायचा. कोरडा, पुरुषी, सावकाश. आपल्याकडे नको असलेल्या माणसाला घालवायला करतात तसा. आलेला माणूस ओशाळून परत जायचा आणि आपल्या घरी जाऊन तसाच खाकरायचा. हळूहळू कोणी कोणाकडे जाईनासं झालं.

शेवटच्या रांगेत एक म्हातारा विणकर राहत होता. त्याच्याकडे शेजारीण भाकरी घेऊन जायची. रोज आतून खाकरणं ऐकू यायचं, रोज ती भाकरी दारातल्या झाकल्या टोपलीत सारून मागे फिरायची. आठव्या दिवशी टोपलीतल्या सातही भाकऱ्या तशाच पडलेल्या बघून ती आत गेली. म्हातारा कट्ट्यावर बसला होता, डावा गुडघा वर. जाऊन आठवडा झाला होता. खाकरणं मात्र तिने आदल्या दिवशीही ऐकलं होतं.

ही बातमी गवंड्याच्या कानावर आली. "म्हातारं माणूस होतं," तो म्हणाला. त्या दिवशी तो नीट जेवला नाही, एवढंच.

आता सांगायचं ते हे, की याच तीनशेतल्या एका घरात गवंड्याची मुलगी साळू राहत होती. रंगाऱ्याला दिली होती. तोंडाचा पट्टा अखंड चालणारी, बापाची पागोट्यावरून थट्टा करणारी. तिला सातवा महिना लागला होता. आई नव्हती, म्हणून डोहाळजेवणाची शिदोरी घेऊन बापच गेला.

ऐन दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्याने दारातून हाक मारली. "साळू!"

आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

गवंडी वाकून आत शिरला. दार त्याला खांद्यांना घासलं. कोपऱ्यात साळू बसली होती. पाठ भिंतीला, डावा गुडघा वर, एवढं मोठं पोट तिरकं करून. त्याच्याकडे बघून ती पुन्हा खाकरली. तोंड साळूचं होतं, आवाज तिचा नव्हता.

"पोरी, अशी का बसलीस? ऊठ बघू. जावई कुठे आहेत?"

"ते नदीवरच निजतात. इथं अवघडल्यासारखं होतं म्हणतात." ती हळू बोलली, कोणी ऐकू नये अशा बेताने. "खरंय त्यांचं, आबा. घर भरलंय."

"कोणी भरलंय?"

"त्यानंच. वाईट नाही हो तो. मारत नाही, भिववत नाही. नुसता माझ्या पोटाकडं बघतो आणि विचारतो, हे कोण? हे मापात नव्हतं."

गवंड्याने तिचा हात धरून उठवायचा प्रयत्न केला. ती उठेना. पाय दगडात बसवल्यासारखे जड. "दोन महिन्यांत पोर येईल, आबा," ती म्हणाली, आणि आता ती साळूच्याच आवाजात रडत होती. "त्याला ठेवू कुठं? इथं दुसऱ्याला जागाच नाही."

शिदोरी तिथेच टाकून गवंडी सूतघराकडे धावला. त्याने ते सूत म्हातारीच्या चुलीत कोंबलं. लाकडं जळाली, राख झाली. सूत तसंच पांढरं राहिलं.

"अर्धं सूत जळत नाही," म्हातारी म्हणाली. "त्याची शेवटची गाठ राहिलीय. ज्यानं अर्धं टाकलं, त्यानंच जाऊन पुरं करायचं."

"पण तो म्हणाला होता, कोणी नको!"

"तू ऐकलंस का तसं? मी तरी नाही ऐकलं."

गवंड्याला अजूनही आठवेना. त्याने सूत चुलीतून ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो साळूच्या घरी गेला. तिच्यासमोर जमिनीवर बसला, पागोटं काढून बाजूला ठेवलं, सूत मांडीवर घेतलं. मुलीच्या डोळ्यांत बघून त्याने मुलीला नव्हे, दुसऱ्याच कोणाला विचारलं.

"तुमच्या ओट्यावर किती माणसं बसतील?"

साळू खाकरली. शेजारच्या घरात कोणी खाकरलं, मग त्याच्या पलीकडे, मग सगळ्या गल्लीभर. तीनशे घशांतून तो एकच आवाज फिरून आला. गवंड्याला वाटलं, उठावं आणि पळावं. तो उठला नाही. थांबला.

बराच वेळ गेला. उन्हाचा कवडसा खिडकीतून भिंतीवर उतरला. मग साळूचे ओठ हलले.

"तेव्हाही मी बोलायलाच खाकरलो होतो," तो आवाज म्हणाला. "तुला वाटलं, जा म्हणतोय. तू सूत गुंडाळलंस."

गवंड्याला आता सगळं आठवलं. टेकडी, ऊन, पुढच्या गावी पोचायची घाई. समोरचा माणूस घसा साफ करत होता आणि हा तोवर पायऱ्या उतरत होता.

"मी एकटा राहत होतो. दिवसेंदिवस बोलणं नसायचं. घसा धरायचा माझा. आणि मी मोजत होतो रे. कोणकोण येईल, याचा विचार मला कधी कोणी करायलाच लावला नव्हता. जरा वेळ लागला."

"चुकलं माझं," गवंडी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आता सांगा. मी बसलोय."

आवाज म्हणाला, "दूध घालायला गवळीण यायची, तिची एक. खालच्या शेतावरचा एक माणूस लांबून हात करायचा, त्याला बोलवायचं होतं. माझी एक बहीण आहे, रुसलेली. आणि एक जागा मोकळी ठेव. कोणी वाटसरू आला तर."

गवंड्याने चार गाठी बांधल्या. शेवटची बांधताच सुताने आपोआप पेट घेतला आणि त्याच्या हातातच राख झाली. हाताला चटका बसला त्याचा डाग जन्मभर राहिला.

"आबा," साळू म्हणाली, "पाय किती आखडलेत माझे! धरा, उठवा मला." आणि बापाने काल टाकलेल्या शिदोरीवरून उठता उठता तिने त्याला चार शब्द सुनावले. एवढा गोड ओरडा गवंड्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

तो तिथून थेट राजाकडे गेला. पागोटं राजाच्या पायाशी ठेवून त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे तीनशे घरं पाडायची?" राजा खवळला. "कालपरवा बांधलेली?"

"पाडायची नाहीत, महाराज. विचारायची राहिलीत. दगड तेच, माती तीच. पण मला पाडव्याची मुदत नको."

राजा धुसफुसला, पण मेलेल्या विणकराची गोष्ट त्यानेही ऐकली होती. त्याने होकार दिला.

गवंडी दारोदार फिरू लागला. एका दारी एक दिवस, कुठे दोन. कुंभाराची भिंत सरकवून चाकाला अंगण केलं. चार विणकरांनी मधल्या भिंती काढून मागांसाठी एक लांब पडवी केली. तीन एकट्या विधवा म्हणाल्या, आम्हाला निजायला वेगळ्या खोल्या हव्यात, पण चूल एकच हवी. तसं कधी कोणी बांधलं नव्हतं, त्याने बांधलं. वारा येईल तिकडे खिडक्या उतरवल्या. आतल्या भिंती त्याने नुसत्या चिखलात रचल्या. उद्या लेक सासरी गेली, सून आली, धंदा बदलला, तर दगड काढून पुन्हा रचता यावेत म्हणून. निघालेला एकही दगड वाया गेला नाही; उरले त्यांचे ओटे झाले.

साळूचं बाळंतपण मात्र थांबलं नाही. घर अर्धं उघडं असतानाच तिला मुलगी झाली. शेजारणी रचलेल्या दगडांवर बसून होत्या, जावई दारात येरझाऱ्या घालत होता. बारसं झाल्यावर गवंड्याने नातीसमोर मांडी घातली, नवं सूत काढलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या ओट्यावर किती माणसं बसतील?"

सगळ्या हसल्या. "अहो, तिला बोलायला दोन वर्षं लागतील!"

गवंडी हसला नाही. त्याने सूत मांडीवर ठेवलं. त्या घराची पुढची भिंत त्याने कमरेएवढीच ठेवली आणि वर चटई टांगली.

पुढे एकदा राजा नगर बघायला आला. अर्धी भिंत बघून त्याने विचारलं, "हे काम का अडलंय?"

"उत्तर यायचंय, महाराज," गवंडी म्हणाला.

बोध: राहणाऱ्याचं बोलणं पुरं ऐकून न घेता बांधलेल्या घरात माणसं राहतात, पण ते घर त्यांचं होत नाही.