सगळ्यांच्या परसातला केवडा

रानाला अजून माणसांशी बोलता यायचं, त्या दिवसांतली ही गोष्ट. कोकणातल्या एका आळीत लाकडी खेळणी घडत. रवळूकाका चाकावर लाकूड कातून चिमुकली पाखरं करायचे, जनीकाकी त्यांवर लाखेचे लाल-हिरवे रंग चढवायची, आणि शेवटी केवड्याचं पान घासलं की पाखरू असं लखलखायचं, की आता उडेलच! ते पान आणायची इवलीशी शेवंती. वडील गेलेले. घरात आई आणि पेजेचं मडकं, तेही बहुधा अर्धंच.

केवड्याच्या बनात काटे होते, साप होते. त्यांतली वाट वडिलांनी फक्त शेवंतीला दाखवली होती. आई बजावायची, "बाय, वाट कोणाक दाखव नको. तेच्यारच आपली पेज शिजता."

एकदा शेवंती तापाने फणफणली. पानं आली नाहीत आणि बिनचकाकीची पाखरं बाजारात कुणी घेईना. रवळूकाकांचं चाक थांबलं. जनीकाकी आळी सोडून जायची भाषा बोलू लागली.

बरी होताच शेवंती बनात गेली, ती रडतच. तेव्हा केवड्याच्या सोनेरी कणसातून एक चिमणी परी उतरली. पंख पिवळेधमक, पायांत दवाचे पैंजण! इच्छा एकच पुरी होईल, ती म्हणाली, आणि पुरी झालेली परत फिरणार नाही.

शेवंतीला आधी काठोकाठ भरलेलं मडकं दिसलं. मग रवळूकाकांचं थांबलेलं चाक दिसलं.

"सगळ्यांच्या परड्यात केवडो येवंदे," ती म्हणाली, "बिनकाट्याचो."

"मग तुझ्याकडे कोण येईल गं?"

शेवंतीला खरंच भीती वाटत होती. "ठाऊक नाय. पण माझ्या एकटेच्या तापान सगळ्यांची चूल विझूक नको."

परी हसली. बनभर पिवळा उजेड पसरला आणि त्यातच ती विरून गेली.

सकाळी घरोघरी केवडा डोलत होता. शेवंतीच्या दारी पान मागायला कुणी आलं नाही. आईने मडक्याच्या तळाची पेज तिला वाढली, तेच तिला जास्त लागलं.

शेवंतीने काय मागितलं ते आईकडून कळल्यावर संध्याकाळी रवळूकाका आले, मागोमाग जनीकाकी.

"तुझा होता ता तू सगळ्यांक दिलंस," काका म्हणाले. "आता आमचा शिक. उद्यापासून चाकार बस."

पुढे शेवंतीला पुन्हा ताप आला. पडल्या पडल्या तिने कान दिला. चाक फिरत होतं. दुपारी जनीकाकी पेजेची वाटी घेऊन आली आणि जाताना तिच्या उशाशी एक लखलखतं पिवळं पाखरू ठेवून गेली.