केरबाने उभारलेला पूर्वेचा कान

आंबेघळ गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. 'भोळा' हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता, पण गोष्ट ऐकायला लहान मुलं बसली आहेत, तेव्हा आपण आईचाच धरू. केरबात एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. एकदा कानात शिरलेली गोष्ट तिथेच कायमची मुक्काम करी. ती कुठे वापरायची, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसे.

त्याच गावात इंगवलेअण्णा राहत, कागदोपत्री वसंत इंगवले. अण्णांनी बत्तीस वर्षं मालवाहू बोटीवर वायरलेस ऑफिसर म्हणून काढली आणि गावी येताना रेडिओचं वेड सोबत आणलं. रीतसर परवाना काढला, घरात सेट मांडला आणि देशोदेशींच्या हौशी लोकांशी ते बिनतारी गप्पा मारू लागले. याला हॅम रेडिओ म्हणतात. गाव याला 'अण्णा भिंतीशी बोलत्यात' असं म्हणे.

अण्णांचा बोटीवरचा जुना सोबती दिगंबर मयेकर. तो म्हातारपणी पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर जाऊन राहिला होता. नकाशात ते बेट माशी बसल्यासारखं दिसे. दोघं दर रविवारी रेडिओवर बोलत. पण गेली दोन वर्षं एक पंचाईत झाली होती. अण्णांची बोलायची तार छपरावर होती, जुनी आणि दणकट, त्यामुळे अण्णांचा शब्दन् शब्द दिगंबरला ऐकू जाई. दिगंबरचं मात्र अण्णांना काही ऐकू येईना. गावात गिरणी वाढली, पंप वाढले, दुकानादुकानांत लुकलुकणारे दिवे आले, आणि या सगळ्यांनी मिळून सेटमध्ये नुसती खरखर भरून टाकली. प्रगती झाली असं सरपंच म्हणत.

आता दिगंबर बेट सोडणार होता. पुढच्या सोमवारी सकाळच्या बोटीने तो मुलीकडे जाणार होता. तिचं घर अकराव्या मजल्यावर, आणि तिथे कपडे वाळत घालायची दोरी लावायलासुद्धा बंदी. म्हणजे येता रविवार शेवटचा. त्यातही इकडे सूर्य बुडतो त्या सुमाराची जेमतेम वीस मिनिटं. तेवढ्यातच पूर्वेकडचा आवाज इथवर पोचतो.

"मग फोन करा की," गाव म्हणालं.

फोन होताच. फोनवर दोघं एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत. पण ज्या खरखरीतून आयुष्यभर एकमेकांना शोधून काढलं, त्या खरखरीतून दिगंबरचा आवाज एकदा, शेवटचा, ऐकायचा होता. अण्णांना हे फार वाटत होतं. जेवताना घास हातात राहायचा, इतकं वाटत होतं.

उपाय अण्णांना ठाऊक होता. मोकळ्या शेतात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार खांब उभे करायचे, चारींपासून चार तारा घरातल्या एका डबीत आणायच्या, की सेट एकाच दिशेला कान देतो आणि बाकीच्या तीन दिशांना बहिरा होतो. गावात ही कला आजवर फक्त सरपंचांना साधली होती. घरामागे खोतांच्या आक्काचं पडीक शेत होतं. आक्काने ते आठवडाभर वापरायला दिलं. प्रश्न होता तो माणसाचा. गावात बाकी सगळ्यांना कामं होती, म्हणजे पारावर बसायचं होतं. मोकळा होता एकटा केरबा.

सोमवारी चार खांब उभे राहिले. वीस वीस फुटांचे ॲल्युमिनियमचे पाइप, बुडाशी लाकडी ठोकळा, आणि प्रत्येकाला चार बाजूंनी नायलॉनच्या दोरीचे ताण. अण्णा समोर उभे होते म्हणून सगळं नीट झालं. मग अण्णा डबीतले जोड डाख देऊन पक्के करायला घरात गेले. जाताना म्हणाले, "केरबा, या चार तारा घरापर्यंत आण."

केरबाने आणल्या. जवळच्या खांबाची तार बारा पावलांची, लांबच्याची साठ. जास्तीची त्याने कापून आक्काच्या म्हशीला दावं म्हणून देऊन टाकली.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "अरे लेका, चारही तारा सारख्या लांबीच्या लागतात! नाहीतर आवाज मागेपुढे पोचतो. जास्तीची असेल ती गुंडाळून ठेवायची. कापायची नाही."

"कापायची न्हाई. गुंडाळायची," केरबा म्हणाला. आता हे कानात कायमचं बसलं.

कोल्हापुराहून तारेचं नवं भेंडोळं यायला बुधवार उजाडला. तारा जोडून झाल्या. तिसऱ्या खांबाशेजारी घाणेरीचं झुडूप माजलं होतं, त्याच्या फांद्या खांबावर रेलत होत्या. अण्णा खिडकीतून म्हणाले, "केरबा, त्या फांद्यांचं काहीतरी बघ बाबा."

केरबाने कोयता उचलला. मग त्याला आठवलं. कोयता त्याने खाली ठेवला आणि एकेक फांदी ओढून खांबाभोवती नीट गुंडाळली. काटे लागले, रक्त आलं, पण काम सोडलं नाही. अण्णा बाहेर आले तेव्हा खांब दिसतच नव्हता. दिसत होती ती वीस फुटांची घाणेरी, वर फुलं आलेली.

"हे काय रे?"

"जास्तीचं गुंडाळलं. कापलं न्हाई."

अण्णांनी डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. बोटीवरची सवय. मग म्हणाले, "केरबा, नीट ऐक. खांबाला काही म्हणजे काही शिवता कामा नये. झाड नाही, वेल नाही, माणूस नाही. जे शिवेल ते काढून टाकायचं."

"शिवंल त्ये काढायचं," केरबा म्हणाला.

शुक्रवारी सकाळी अण्णा चहा पीत होते, आणि केरबा खांबांना काय काय शिवतंय ते बघत फिरत होता. फांद्या निघाल्या होत्या. मुंगळे होते, ते त्याने वेचले. एक कावळा बसला होता, त्याला हाकलला. आता उरल्या नायलॉनच्या दोऱ्या. त्या तर चांगल्या चार चार ठिकाणी शिवत होत्या! त्याने सोळाच्या सोळा सोडल्या. घटकाभराने वारा आला आणि चारही खांब आडवे झाले. त्यातला एक शेताला लागूनच असलेल्या आक्काच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर झोपला.

आक्काचा आवाज वेशीपर्यंत गेला. तेवढा आवाज पकडायला कुठलाही खांब लागत नाही. अण्णांनी तिची माफी मागितली, कुरडया भरून द्यायचं कबूल केलं आणि केरबाला समोर बसवलं.

"केरबा, बाळा, दोरी कशाला असते? हलतं ते पडू नये म्हणून असते. जे हलतं ते चारी बाजूंनी ताणून बांधायचं. कळलं?"

"हलतंय त्ये बांधायचं. चारी बाजूंनी." केरबाने मान हलवली. मग मान हलतेय हे लक्षात येऊन तो जरा घाबरला.

शनिवारी दोघांनी मिळून खांब पुन्हा उभे केले. संध्याकाळी अण्णांनी सेट लावला, डबीचा खटका पूर्वेकडे फिरवला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खरखर थांबली. गिरणी गेली, पंप गेले. लांबून, अगदी बारीक, कुणीतरी परक्या भाषेत हवापाणी सांगत होतं. अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी केरबाच्या पाठीवर थाप मारली. आपण काहीतरी फार मोठं केलं असं केरबाला वाटलं. ते खरंही होतं, पण अजून रविवार जायचा होता.

रविवारी आक्काच्या नातवाचं बारसं होतं. सगळं गाव जेवायला. अण्णा मात्र दुपारपासून सेटसमोर बसून होते. केरबा जेवायला गेला. बघतो तर मधल्या खोलीत पाळणा टांगलेला, आणि तो हलतोय. कुणाचं लक्षच नाही! आत तान्हं लेकरू! दोरी हवी होती. तो शेतात धावला. चौथा खांब त्या वेळी अजिबात हलत नव्हता, म्हणून त्याने त्याच्याच चारही दोऱ्या सोडून आणल्या. पाळण्याला चारी बाजूंनी असा ताण दिला की पाळणा काय, वरची तुळईसुद्धा हलायची बंद झाली.

बायका नाव ठेवायला जमल्या. आत्याने पाळण्याला झोका दिला. पाळणा जागचा हलेना. आत्याने जोर लावला, तेव्हा आत्याच हलली. लेकरू जागं झालं आणि त्याने टाहो फोडला.

"आरं मुडद्या!" आक्का ओरडली. तिने विळा आणून दोऱ्यांचे वीतवीतभर तुकडे केले. "जा, सांग तुझ्या अण्णाला, उद्या माझं शेत मोकळं पायजे!"

केरबा तुकडे घेऊन अण्णांकडे आला. सूर्य बुडायला अर्धा तास होता. अण्णांनी तुकडे पाहिले, मग खिडकीतून चौथा खांब पाहिला. तो संध्याकाळच्या वाऱ्यावर डुलायला लागला होता.

"अरे, विचारायचं तरी! दुसऱ्याच्या वस्तूचं काही करायच्या आधी मोठ्यांदा विचारावं. आणि उत्तर येईपर्यंत हात असेल तिथेच ठेवावा. कुणी कितीही ओरडलं तरी!"

"इचारायचं. उत्तर येस्तवर हात हलवायचा न्हाई."

"हं. आता पळ, आणि तो खांब धरून उभा राहा."

केरबा जागचा हलला नाही. "अण्णा, खांबाला मानसानं शिवायचं न्हाई. तुमीच म्हनला."

वाद घालायला वेळ नव्हता. सूर्य डोंगराला टेकत होता. दुसऱ्या कुणाला बोलवावं तर सगळं गाव आक्काच्या पंगतीत, आणि आक्काच्या बाजूचं. अण्णांनी सेटचा आवाज पूर्ण मोठा केला, म्हणजे शेतातून ऐकू येईल. खिडक्या सताड उघडल्या. केरबाला खुर्चीत बसवून माइक त्याच्या हातात दिला.

"मी सुक्या बांबूच्या दुफाटी बेळक्याने खांब तोलून धरतो. मी हात केला की हे बटण दाब आणि विचार, 'दिगंबर, ऐकतोस का?' बास. पुढचं मी तिथून बघतो."

अण्णा अडुसष्ट वर्षांचे होते आणि गुडघे त्याहून जुने. तरी ते धावले. खांब पडता पडता त्यांनी बेळक्यात पकडला. सूर्य अर्धा बुडाला. अण्णांनी हात केला.

केरबाने बटण दाबलं. "दिगंबरऽऽ! ऐकतोस काऽऽ? अण्णा इचारत्यात!"

आणि तो उत्तराची वाट बघत बसला. अंगठा बटणावर, जिथे होता तिथेच.

आता या यंत्राची गंमत अशी आहे, की बटण दाबलेलं असेपर्यंत ते फक्त बोलतं. ऐकत नाही. ऐकायचं तर बटण सोडावं लागतं.

"केरबा, बटण सोड!" अण्णा शेतातून ओरडले.

"उत्तर आलं न्हाई अजून!"

"अरे सोड म्हणजे येईल!"

केरबाने विचार केला. कुणी कितीही ओरडलं तरी हात हलवायचा नाही. आज स्वतः अण्णाच परीक्षा बघत होते. त्याने अंगठा आणखी घट्ट केला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. अण्णांना खांब सोडता येईना, सोडला की पूर्व गेली. धरून ठेवावा तर केरबा बटण सोडेना. त्यांनी सात वेळा 'बटण सोड' म्हटलं, तीन वेळा 'सोड रे बाबा' म्हटलं. डोंगरामागचा उजेड विझत चालला. शेवटी त्यांचा तोल सुटला. रडवेल्या आवाजात ते ओरडले, "मग नको सोडू! मर तिकडेच! घाल तो सेट विहिरीत!"

बांबू टाकून ते घराकडे धावले. मागे चौथा खांब आडवा झाला. आत येऊन त्यांनी केरबाचा पांढरा पडलेला अंगठा बटणावरून उपटला. सेटमधून खरखर आली. गिरणीची, पंपांची, आपल्या गावची. दिगंबर नव्हता.

"उत्तर काय दिलं न्हाई त्येंनी," केरबा म्हणाला. "लई मानी मानूस दिसतोय."

अण्णा कॉटवर बसले. हुंदका आला, तो त्यांनी अडवला नाही. इतक्यात खिशातला फोन वाजला.

"वसंता!" दिगंबर पलीकडून जवळजवळ ओरडतच होता. "काय आवाज आला रे तुझा! शेजारच्या केबिनमधून बोलल्यासारखा! पहिल्यांदा जरा वेगळा वाटला, पण पुढचा तूच!"

"तू काही बोललास का, दिगंबर?"

"कसा बोलणार? तू एकसारखा 'बटण सोड, बटण सोड' म्हणत होतास. मी दाबणारच होतो, पण लगेच बोट काढलं. बोटीवर तू मला सीनियर. तुझा शब्द मी कधी मोडलाय?"

असा माणूस जगात एकच आहे, अशी अण्णांची आजवर समजूत होती.

"आणि शेवटचं तू बोललास ना," दिगंबरचा आवाज कापरा झाला, "ते मनाला लागलं बघ. खरंच, आता कशाला जीव अडकवायचा त्यात? इथे विहीर नाही, म्हणून सेट समुद्रात टाकला. आत्ताच. ऐकतोयस ना?"

अण्णांनी डोळे मिटले.

इकडे केरबा मोकळा झाला होता. उत्तर आलं होतं, आता हात हलवायला हरकत नव्हती. आणि अण्णांनी सांगितलेलं एक काम अजून बाकी होतं. तो सेटजवळ गेला. पण या वेळी तो चुकणार नव्हता. वस्तू दुसऱ्याची. त्याने सेटवर हात ठेवला आणि मोठ्यांदा विचारलं, "अण्णा, न्हेऊ का?"

"वसंता, ऐकतोयस ना?" फोनमधून दिगंबर म्हणाला.

"हो," अण्णा म्हणाले. "हो रे, हो."

केरबाने सेट उचलला. मागे तारा लोंबत होत्या, त्या त्याने नीट गुंडाळून घेतल्या. कापल्या नाहीत. परसदारी गेला. अण्णा अजून डोळे मिटून फोन कानाला लावून बसले होते, तेव्हा मागून मोठ्ठा 'डुब्' असा आवाज आला.

केरबा हात पुसत दारात उभा राहिला.

"घातला, अण्णा," तो म्हणाला. "इचारूनच घातला."