फादर ह्यूबर्टची एकच शंका

इंग्लंडच्या राजाने पोपशी नातं तोडलं, तेव्हाची ही गोष्ट. धुक्यात तरंगल्यासारख्या दिसणाऱ्या, कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या एका मठात राजाचे अधिकारी सर रॉलंड घोड्यावरून आले. त्या मठात मौन हाच नियम होता. पांढऱ्या झग्यातले साधू सावल्यांसारखे आपापल्या खोल्यांत विरून गेले. समोर उरले पाहुण्यांशी बोलायची मुभा असलेले वृद्ध मठाधिपती, फादर ह्यूबर्ट.

“राजाच धर्माचा प्रमुख, अशी शपथ घ्या!” सर रॉलंड गरजले. “नाहीतर सगळ्यांना तुरुंगात डांबीन. प्रत्येकाला वेगळी कोठडी, जेवण भिंतीतल्या झरोक्यातून, आणि बोलायला जन्मभर कोणी नाही!”

फादरनी शांतपणे एका खोलीचं दार ढकललं. आत फळ्यांची खाट, जेवण सरकवायचा झरोका आणि प्रार्थनेत बुडालेला एक म्हातारा साधू. त्याने मानही वर केली नाही.

“बंधू ऑस्विन. ऐन तारुण्यात आले, तेही स्वतःहून,” फादर हळूच म्हणाले. “शपथ काही आम्ही घेणार नाही, साहेब. तुरुंगात मात्र आनंदाने येऊ. फक्त एक शंका आहे.”

“कसली?”

“तुमचे पहारेकरी फार बडबड करत नाहीत ना?”

सर रॉलंडनी घोड्यावर टांग मारली. घोडा धुक्यात दिसेनासा होईपर्यंत त्यांनी मठाचा नियम अगदी चोख पाळला.